पहिल्या गाडीतली पहिली जागा

"हलू नकोस," शिंपीण लेकीला म्हणाली, "नाहीतर माप चुकेल."

टिटवी दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी होती. टाचा टेकलेल्या, हात सरळ. तोंड तेवढं चालूच होतं. आठ वर्षांच्या पोरीचं हे नाव घरच्यांनी उगाच पाडलं नव्हतं.

"एकोणपन्नास इंच. एक वर."

पोरीने घर डोक्यावर घेतलं. पार्कमधल्या नव्या राइडला अठ्ठेचाळीस इंच उंची लागत होती आणि उद्या ती राइड सुरू होणार होती. गाडी गुहेत शिरते. आत बोलणारा राक्षस असतो. तो प्रत्येकाला विचारतो, "तुला कशाची भीती वाटते?" आपण उत्तर द्यायचं, की तेच भिंतीवर उभं राहतं आणि गाडी जीव खाऊन पळत सुटते. टिटवीचं उत्तर सहा महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. बाबांच्या घोरण्याची.

"मग भिंतीवर काय दिसेल गं?" आईने विचारलं.

"बाबा. उताणे."

बाबा त्याच राइडवर फिटर होते. पहिल्या दिवशी, पहिल्या गाडीत, पहिली जागा तुझी, असा त्यांनी लेकीला शब्द दिला होता. आधी हे सांगताना त्यांचाच चेहरा लहान पोरासारखा व्हायचा. गेल्या दोन आठवड्यांत मात्र ते राइडचं नाव काढेनासे झाले होते. दोनदा साहेबांच्या खोलीत जाऊन आले आणि दोन्ही वेळा तोंड पाडून घरी परतले. बढतीचं अडलं असणार, असं शिंपिणीने मनाशी धरलं. विचारलं तर फक्त "काही नाही" एवढंच.

त्या राइडला शिंपिणीचाही हातभार लागला होता. चाचणीच्या वेळी गाडीत माणसं बसवत नाहीत, माणसांच्या वजनाची वाळूची पोती बसवतात. ती तिनेच शिवून दिली होती. सोळा मोठी, आठ लहान मुलांच्या वजनाची. त्यातली लहान तीनदा दुरुस्तीला परत आली. शिवण शाबूत, कापडाच्याच चिंध्या, वर निळा रंग लागलेला.

"गोदामात उंदीर फार झालेत," नवरा म्हणाला होता.

"मोठे लाडावलेले दिसतायत तुमचे उंदीर. मोठ्या पोत्यांना तोंडही लावत नाहीत." तो हसला नव्हता. तिने मुकाट्याने पुन्हा कापड बेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी रांगेत सगळ्यात पुढे होती. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. समोर निळ्या खांबांवरून रूळ वर चढून गुहेत शिरत होते. फाटकाशी बाबा, हातात उंची मोजायची काठी.

"बाबा, मी आले!"

त्यांनी काठी तिच्या बाजूला धरली आणि डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"एक बोट कमी आहे. पुढच्या वर्षी."

टिटवीला आधी ती थट्टाच वाटली. मग तिने बाबांचा चेहरा पाहिला. ती रडली नाही, आणि शिंपिणीला तेच सहन होईना. पोर नुसती गप्प झाली.

"अहो, काल मी मोजलंय! एकोणपन्नास आहे!"

"रांग अडवू नकोस," तो म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

तेवढ्यात साहेब आपल्या मुलीला घेऊन आले. तिचा गुलाबी फ्रॉकही शिंपिणीनेच शिवलेला होता, त्यामुळे त्या पोरीचं माप तिला तोंडपाठ होतं. टिटवीपेक्षा दोन इंचांनी बुटकी. फिटरने काठी धरली.

"साहेब, ही..."

"चालतं रे. माझी लेक बसली की लोकांनाही धीर येईल. आता तरी झालं ना तुझं समाधान?" साहेबांनी हसत त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याने काठी खाली घेतली.

साहेबांची मुलगी पहिल्या गाडीत, पहिल्या जागेवर बसली. फिटरने तिच्या मांडीवर आडवी दांडी ओढली. दाबून पाहिली. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली. आपल्या लेकीला एका शब्दात बाजूला केलं आणि साहेबांच्या लेकीची ही सरबराई! शिंपिणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काकू, टाटा!" पोरीने हात हलवला. समोरचा एक दात पडलेला होता. शिंपिणीनेही हात हलवला. त्या पोरीवर कसला राग धरायचा?

गाडी सुटली. टिटवी बाकावर बसून बुटाचं टोक जमिनीवर घासत होती. शिंपीण फाटकाशी गेली.

"साहेबांपुढे शेपूट हलवायला पोटच्या पोरीला फसवलंत? सहा महिने एकेक दिवस मोजत होती ती. तुमच्या शब्दावर."

तो गुहेच्या तोंडाकडे पाहत होता.

"ऐकताय का? आता तिला काय सांगू मी?"

"आपली खाली आहे ना?" त्याने विचारलं. "बाकावर आहे ना?"

"आहे. रडायचीसुद्धा विसरलीय."

त्याने डोळे मिटले. बाहेरच्या कर्ण्यातून राक्षसाचा आवाज घुमला, "तुला कशाची भीती वाटते?"

"कशाचीच नाही!" पडलेल्या दातामुळे बोबडा झालेला आवाज आला. रांगेतले लोक हसले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आत कुठेतरी गाडीने वेग घेतला आणि निळे खांब थरारले.

"ते उंदीर नव्हते गं," नवरा म्हणाला.