पथ्य

कस्तुराबाईने नवऱ्याच्या हातातली वाटी हिसकावली, तेव्हा त्याच्या मिशीला तूप लागलेलं होतं. वाटीत मुगाची मऊ खिचडी, वर तुपाची धार, बाजूला उकडलेलं अंडं. धाकट्या जावेच्या ओट्यावर जगदेव भिंतीला टेकून चोरासारखा बसला होता. दारात ती जाऊ, वैजयंती, पदर पुढे ओढून, पाठ फिरवून उभी. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, ती पंधरा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती, पण वाटी मात्र बिनबोभाट पुढे सरकवत होती.

कस्तुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पाच महिन्यांपूर्वी अकोल्याला जगदेवच्या अन्ननलिकेतली कॅन्सरची गाठ काढली होती. नलिका काढून टाकली आणि जठर वर ओढून छातीत बसवलं. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, हलकं खायचं, थोडं थोडं खायचं. हलकं म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. कावीळ असो की टायफॉईड, त्यांच्या किन्हीराजा गावात पथ्य म्हटलं की तेल बंद, तूप बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद. तिने नवऱ्याला दोन वेळा भाताची पेज दिली आणि वरणाचं पाणी दिलं. भूक लागते म्हणाला, तर जिभेला लगाम लावा म्हणून झापलं. अडुसष्ट किलोचा माणूस सेहेचाळीसवर आला. लोक म्हणाले, रोग आतून खातोय. मागच्या खेपेला डॉक्टरांनीही बजावलं, वजन असंच घटत गेलं तर पुढची औषधं यांना झेपणार नाहीत, मग आमच्या हातात काही नाही. त्या दिवसापासून तिने पथ्य आणखी आवळलं. दुधातही निम्मं पाणी घालू लागली.

आणि ही बया तूप चारत होती.

"माया कुंकवावर उठली का तू?" कस्तुराबाईने वाटी अंगणात भिरकावली. "मारून राह्यली काय त्याईले?"

वैजयंती वळली. पदर तसाच, आवाज मात्र धारदार.

"मरनच आलं असन, जाऊबाई, तं त्याईले पोट भरून मरू द्या."

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एसटीत कस्तुराबाई नवऱ्याकडे पाठ करून बसली. तक्रार मनात घोळवत होती. डॉक्टरांसमोर सगळं ओकायचं, त्यांनीच गावात फोन लावून त्या बाईला खडसावायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. जावेला घालायच्या शिव्याही तिने वाटेतलं मालेगाव यायच्या आत रचून ठेवल्या.

दवाखान्यातला काटा साडेअठ्ठेचाळीसवर थांबला. तिने जगदेवला चपला काढायला लावल्या, खिसे रिकामे करायला लावले, परत उभं केलं. साडेअठ्ठेचाळीसच.

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. अडीच किलो वाढलं, आता औषधं सुरू करता येतील, म्हणाले. घरी काय काय देता, असं विचारल्यावर जगदेवने खाली मान घालून, कोण देतं ते वगळून, सगळं सांगितलं. तुपाची खिचडी, अंडं, शेंगदाण्याचं कूट घातलेली लापशी. दिवसातून सहा-सात वेळा, वाटी वाटी.

अस्संच पाहिजे, डॉक्टर म्हणाले. जठर लहान झालं आहे, म्हणून थोडं थोडं, पण कसदार. हलकं म्हणजे पचायला हलकं. लोक त्याचा अर्थ उपास असा घेतात. पेजेवर ठेवलेले त्यांचे तीन पेशंट याच वर्षी गेले होते. एकालाही रोग परत झालेला नव्हता.

कस्तुराबाईला डॉक्टरांचा संताप आला, हे पाच महिन्यांपूर्वी फोडून का नाही सांगितलं म्हणून. जगदेवचा आला. मग तो सगळा संताप फिरून तिच्याच अंगावर आला, आणि तिथून त्याला पुढे जायला जागा नव्हती.

"बाई, यांना तुम्ही वाचवलं," डॉक्टर म्हणाले. "बाहेर पेशंट घेऊन बसल्यात त्या बायांनाही जरा समजावून सांगा."

जगदेव बायकोला उघडं पाडणार नव्हता. ती नुसती मान हलवून मोकळी होऊ शकली असती.

कस्तुराबाई उठली. दार सताड उघडं केलं आणि बाकावरच्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"मी तं उपाशी मारून राह्यली होती ह्याईले. जगवलं ते माया जावेनं."