मागची म्हैस

जोतीरामांच्या डेअरीच्या वेबसाइटवर एकच म्हैस पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला चालत जायची होती. पण पुढचं चित्र काढण्याआधी मागचं पुसायचं, ही सूचनाच अवंतिका प्रोग्रॅममध्ये लिहायला विसरली आणि त्या एका म्हशीमागं म्हशींची रांग लागली.

"पुसू नगंस, पोरी! ह्यो गोठा मोबाइलवर बघूनच आमच्या राजवीरचं लगीन ठरलंय की!" जोतीराम हात जोडून म्हणाले.

अवंतिकाला चूक काही सहन होईना. तिनं राहिलेली ओळ लिहिली. पडद्यावर एकच म्हैस उरली.

दुसऱ्या दिवशी राजवीरचे होणारे सासरे टेम्पोत दोन म्हशी चढवून दारात हजर झाले. "गोठ्यात एवढी मोठी साथ आली, कळवायचं तरी व्हतं की, पावणं!"