ढिला हात

"दाब रे नीट! जेवूक नाय काय?" नर्मदा दिरावर खेकसली.

भावाच्या घशातल्या नळीला जोडलेला काळा रबरी फुगा बाबलीने पुन्हा तसाच दाबला, अर्धवट, जीव नसल्यासारखा. खाटेवर सहदेवची छाती जेमतेम हलली.

पहाटे मांगरात, किनाऱ्यावरच्या खोपटात, जाळ्यांवर निजलेल्या सहदेवला मण्यार चावली होती. मालवणच्या त्या लहानशा इस्पितळात आणेपर्यंत त्याच्या पापण्या मिटल्या, मग श्वासही थांबला. नर्सबाईंनी नर्मदेला धीर दिला होता. विष उतरेपर्यंत फुग्याने श्वास देत राहायचं, उतरलं की तो आपला आपण घेईल. सगळा जीव त्या फुग्यात अडकला होता, आणि फुगा होता बाबलीच्या हातात.

चुकलं तिचंच. नवऱ्याला आणल्या आणल्या दिराच्या हवाली करून ती देवाला गाऱ्हाणं घालायला धावली. परत आली तर डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेलेले आणि हा फुगा धरून बसलेला.

वडिलांमागे देवबागची रापण, किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं ते मोठं जाळं, सहदेवच्या हाती आली, तेव्हापासून बाबली त्याला पाण्यात पाहत होता. पण जाळं ओढायला मात्र किनाऱ्यावर यायचा. आणि काय ओढायचा! त्याच्या बाजूची दोरी कधी सैल पडली नाही. रापणीच्या दोरीवर ढिला हात म्हणजे चोरी, हे देवबागेत पोरासोरांनाही ठाऊक. तसल्या माणसाला मासळीचा वाटा नाही आणि चार माणसांत मानही नाही. मग तेच हात आज एवढे मऊ कसे झाले?

नर्मदेला उमगलं. पाठचा भाऊ केसाने गळा कापत होता, तोही तिच्या डोळ्यांदेखत.

"असोच दाबूचो लागता, वैनी," बाबली म्हणाला. त्याने फुगा पुन्हा मोजून तेवढाच दाबला.

"माका शिकवू नको. रापण काय मी बघूक नाय? ऊठ! जा, तोंडार पाणी मार."

तो उठेना, तेव्हा तिने फुगा त्याच्या हातांतून ओढूनच घेतला. दारापर्यंत जाऊन तो वळला. "सवकास हां, वैनी. जोर नको."

"माझ्या घोवाक वारो पण मोजून देव काय? जा हयसून!"

मग नर्मदेने पाय रोवले आणि दोरीला लावतात तसा सगळा जोर लावला. सहदेवची छाती टम्म वर आली. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. श्वास म्हणतात तो हा! तिने पुन्हा दाबलं, दाबतच राहिली. हळूहळू त्याचा गळा, गाल भरून येऊ लागले. सकाळपासून उतरलेलं तोंड कसं भरल्यासारखं दिसायला लागलं.

"येवा, परत येवा," ती पुटपुटत होती.

बाबली आला आणि दारातच थबकला. धावत येऊन त्याने भावाच्या फुगलेल्या गळ्याला बोट लावलं. कातडीखाली हवेचे बुडबुडे कुरकुरल्यासारखे लागले.

"डॉक्टर!" तो ओरडला.

डॉक्टर धावत आले. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, बरगड्यांमधून जाड सुई घातली, बराच वेळ खटपट केली. मग सुई काढून ठेवली आणि सहदेवच्या तोंडावर चादर ओढली.

नर्मदेने दिराकडे बोट केलं. "ह्येनाच मारल्यान! सकाळपासून ढिलो हात..."

"ढिला?" डॉक्टर संतापले होते. "फुप्फुस फाटलंय त्याचं, जोरात हवा भरून! हलक्या हाताने दाबा, जोर केलात तर आतून फाटेल, हे सकाळी बजावून सांगितलं होतं मी. कोणाच्या हातात होता फुगा?"

नर्मदेचं बोट तसंच हवेत राहिलं.

बाबली पुढे झाला. वहिनीच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये उभा राहिला.

"माझ्या, डॉक्टर," तो म्हणाला. "रापणीचो हात. ढिलो सोडूक जमलो नाय."