विसळलेला कप

नेब्रास्काच्या त्या माळावर घरांना कुलपं नव्हती. भुकेल्या वाटसरूनं खुशाल आत शिरावं, असेल ते खावं आणि निघताना आपलं भांडं विसळून पालथं घालावं, एवढाच रिवाज.

म्हणूनच थॅडियसच्या डोक्यात आग पेटली. रोज शेतावरून परतला की चुलीपाशी एक जास्तीचा कप विसळून पालथा घातलेला असे. अंगणात मात्र टापांची एकही खूण नसे.

"कोण आलं होतं?"

"या ओसाडीत कोण कडमडणार?" त्याची बायको ऑर्फा हसायची आणि भिंतीवरच्या चित्राकडे बघायची. लग्नाआधीपासून ते तिच्याजवळ होतं. काजळीनं रंगवलेला ओसाड माळ आणि त्यात एकटा, पाठमोरा घोडेस्वार.

"नवऱ्याकडे बघितलंस कधी असं?"

"चित्रावर जळतोस? कमाल आहे तुझी!"

एका दुपारी ती जळणाला शेण्या वेचायला गेली, तेव्हा त्यानं ओल्या फडक्यानं तो स्वार घासून घासून पुसून टाकला. रिकाम्या खोगिराचा घोडा तेवढा उरला. मग तो विहिरीवर हात धुवायला गेला. काजळी काही केल्या निघेना. उलट मनगटावरून वर चढत चालली.

परतला तर दारात ऑर्फा उभी. आत, त्याच्या खुर्चीत, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

"या, पाहुणे," ती थॅडियसला, परक्याशी बोलावं तशी म्हणाली. "कॉफी घ्या, कप विसळून ठेवा आणि निघा. तुमचा घोडा केव्हाचा ताटकळलाय."