तिसऱ्या ठाण्याची नोंद

डिसेंबरातल्या अमावास्येला, शनिवारी, रात्री नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी, नागपूरच्या आकाशनिरीक्षण मंडळाचे तिसरे ठाणे भिवापूरपलीकडच्या एका वावरात सज्ज होते. मिरचीची तोड झालेली होती. जवळपास दिवा नव्हता. वायव्येला क्षितिजाशी नागपूरचा पिवळट उजेड तेवढा उरला होता. सात मिनिटांनी एक लघुग्रह एका मंद ताऱ्यासमोरून जाणार होता आणि तारा चारेक सेकंद दिसेनासा होणार होता. नेमके किती सेकंद, ते मोजायचे होते.

दोन्ही बाजूंना तीन-तीन किलोमीटरांवर मंडळाची आणखी दोन ठाणी होती. तेथे कॅमेरे होते. येथे बहात्तर वर्षांच्या गिरिधररावांचा डोळा होता. मंडळाच्या सभेत तासभर वाद घालून त्यांनी ही एक रात्र मिळवली होती. त्यांचा आकडा शेजारच्या दोन आकड्यांशी जुळला तर तिसरे ठाणे त्यांचे राहील. न जुळल्यास पुढच्या खेपेपासून येथेही कॅमेरा.

फोन वाजला. दुसऱ्या ठाण्यावरून मंडळाचा सचिव संघपाल बोलत होता.

"काका, झोपले तर नाही ना?"

"तुझा कॅमेरा झोपतो गा. मागच्या वेळी झोपलाच होता."

साक्षीदार म्हणून शेजारी उभी असलेली दीक्षा हसली. दुर्बिणीतून तारा कसा शोधावा, हे तिला शाळकरी वयात त्यांनीच शिकवले होते. साक्षीदाराच्या सहीवाचून नोंद ग्राह्य नाही, हा नियम त्यांचाच. घड्याळपेटीची टिकटिक आणि ध्वनिमुद्रण सुरू झाले की निरीक्षकाने 'गेला' आणि 'आला' हे दोनच शब्द उच्चारावेत, हाही त्यांचाच. आजच्या वेळेचे गणितदेखील त्यांनीच मांडले होते, आणि ते त्यांना सेकंदासह पाठ होते.

दुर्बीणही त्यांच्या हातची होती. तिला मोटार नव्हती. आकाश सरकते तसा तारा दीड मिनिटात भिंगाबाहेर जातो. तो धरून ठेवायचा तर दर अर्ध्या मिनिटाला नळी हाताने किंचित सरकवावी लागे, आणि प्रत्येक वेळी लाकडी बैठक कुरकुरे.

"काका, मोटार लावून देऊ का? बैलगाडीसारखी वाजून राहिली ही."

"वाजू दे. ती वाजते, म्हणजे मी जागा आहे."

दीक्षाने ध्वनिमुद्रण सुरू केले. बोलणे संपले. काळोखात सेकंदासेकंदाचा ठोका पडू लागला. थंडीने तिची बोटे बधिर झाली होती, पण खिशात हात घालताना कापडाचा आवाज होईल म्हणून तिने ते तसेच ठेवले.

"गेला."

चार ठोके पडले.

"आला."

गिरिधरराव मागे रेलले. डोळे दिपू नयेत म्हणून दीक्षाने टॉर्चवर लाल कागद बांधला होता. त्या उजेडात तिने मुद्रण ऐकून अंतर मोजले आणि संघपालला फोन लावला. दोन्ही कॅमेऱ्यांचे आकडे त्याच्यापाशी आले होते: एक चार पूर्णांक एक, दुसरा चार पूर्णांक पाच.

"आपला चार पूर्णांक तीन," दीक्षा म्हणाली.

"वा रे काका! बरोबर मधात बसले!" तिकडे कुणीतरी शिट्टी वाजवली. "सही कर आणि पाठव लवकर."

सहीपूर्वी मुद्रण आरंभापासून ऐकावे, असा नियम होता. दीक्षाने फोन बंद करून ते लावले. ठोके, मग कुरकुर. ठोके, मग कुरकुर. पुढे नुसतेच ठोके. ती मोजू लागली. शंभर झाले. सव्वाशे झाले. दीडशेव्या ठोक्याला गिरिधररावांचा आवाज आला: गेला.

तिने मुद्रण मागे नेऊन पुन्हा ऐकले. गिरिधररावही ऐकत होते.

"काका, नळी शेवटची केव्हा सरकवली?"

"तारा मध्यावर होता."

"अडीच मिनिटं? तारा तर दीड मिनिटात बाहेर जातो."

"कधी कधी बैठक वाजत नाही. दमट हवेत लाकूड फुगतं."

"लाकूड फुगलं तर जास्त वाजते, काका."

"माझ्याशी वाद घालतेस?"

"दुसऱ्या कोणाजवळ शिकली मी?"

गिरिधररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. घड्याळपेटी अजून ठोके देत होती. ती बंद करण्याचे कोणालाच सुचले नव्हते.

"आकडा जुळला आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"तेच तर. गणित पाठ आहे तुम्हाला."

"दीक्षा!" पुन्हा फोन लावून संघपाल ओरडला. "काहून थांबली वं? झाली का सही?"

दीक्षाने नोंदवहीकडे पाहिले. चार पूर्णांक तीन हा आकडा तिच्याच अक्षरात होता. सहीची जागा कोरी होती.

"भाऊ," ती म्हणाली, "इकडे दव पडून राहिलं. भिंगावर आलं होतं, आत्ता दिसलं मला. काकांची काही चूक नाही. आपली नोंद नाही, असं लिहा."

"अरे यार! जमलं होतं ना!"

भिंगाला बोट लावू नये, हा मंडळातला सर्वांत जुना नियम. नवख्यांना पहिल्या रात्री गिरिधरराव तोच सांगत. त्यांनी तर्जनी भिंगाच्या काचेवर टेकवली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवली आणि लाल उजेडात तिच्यासमोर धरली. बोट कोरडे होते.

मग त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

"संघपाल, दव नाही. नोंद नाही, असंही लिहू नकोस. नोंद आहे, आणि ती खोटी आहे."