बाकी दोनशे अठ्ठ्याहत्तर

बाकी दोनशे अठ्ठ्याहत्तर उरली. बालाजीरावांनी भागाकार पुन्हा मांडला. पुन्हा तेवढीच. भाजक होता दहा लाखांच्या आतली शेवटची मूळ संख्या. भाज्याचं वर्गमूळ दहा लाखांच्या आतच, म्हणून हिच्यापुढे तपासायची गरजच नव्हती. ९९९९९९९९९९८९ ला एक आणि ती स्वतः सोडून कुणीही भागत नव्हतं.

तांबरमच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

घरात त्यांचा एक कायदा असे. मुलाला, अक्षतला, क्रिकेटला जायचं असो की सिनेमाला, ते एक संख्या द्यायचे. आधी हिचे अवयव पाड, मग जा. कॅल्क्युलेटरला घरात थारा नव्हता. पोरगं रडकुंडीला यायचं, पण संख्या शेवटी फुटायची. मास्तर कडक होते, लबाड नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी अक्षत म्हणाला, कीर्तनाशी लग्न करतो. मुलगी दुसऱ्या जातीची. बालाजीरावांनी थयथयाट केला. ती या घरात पाऊल टाकणार नाही, म्हणाले. अक्षतनं बॅग भरली आणि कॅलेंडरच्या पाठीवर ही संख्या लिहिली. "अप्पा, आता तुम्ही फोडा. फुटली की बोलवा. आम्ही दोघं येतो."

अक्षत राहायचा ते शोळिंगनल्लूर काही काशी नव्हे, बसनं तासाभराचं. पण आपण होऊन फोन करायचा म्हणजे कमीपणा. संख्या फोडून मात्र ताठ मानेनं बोलावता आलं असतं. म्हणून रोज चोवीस-पंचवीस भागाकार, तेही हातानं. एकशे बारा वह्या भरल्या. मधे एकदा नात झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. त्या दिवशी त्यांनी चाळीस केले.

कनकाबाई कॉफी घेऊन आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून दारातच थबकल्या.

"काय झालं हो?"

"मूळ संख्या आहे ती."

"म्हणजे?"

"म्हणजे फुटत नाही. कधी फुटणारच नव्हती." त्यांनी वही मिटली. "त्याला ठाऊक होतं, कनका. कंप्युटरवर बघूनच दिली त्यानं. त्याला यायचंच नव्हतं."

"अय्यो, पोदुम! पुरे झालं आता." कनकाबाईंनी कॉफी तशीच टेबलावर ठेवली. डोळ्यांना पदर लावला.  

मग जन्मात कुणापुढे न वाकलेल्या मास्तरांनी आपला फोन बायकोपुढे सरकवला.

"तू लाव. माझ्यानं नाही होणार. त्याला म्हणावं, फुटेल अशी एखादी दे. सहा दिलीस तरी चालेल."