पाळणाघरातली चाचणी

बोलायचं नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं, हा चाचणीवालीचा नियम. पण पाळणाघराच्या दाराशी स्टुलावर बसल्या बसल्या तिच्या जिभेला खाज सुटली होती. समोरच्या आजोबांच्या फोनातलं, ओळखपत्रं ठेवायचं वॉलेट पलीकडच्या राज्यातलं, मूल न्यायला आलेल्याची ओळख पटवणारं दारावरचं यंत्र इथलं. दोघांचं एकमेकांशी जमतं का, ते आज पहिल्यांदाच खऱ्या माणसावर कळणार होतं. इतके दिवस सगळे खोटे आजोबा आणि खोट्या नाती!

आजोबांना यंत्राचं काही कौतुक नव्हतं. आज जमलं तर उद्यापासून नातीला न्यायचं काम त्यांचं. नाही जमलं तर लेकीला रोज अर्धी पाळी सोडून यावं लागणार, आणि तिचा साहेब आधीच वैतागलेला.

यंत्राला काय काय दाखवू, असं फोनने विचारलं. आजोबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. नातं? होय. फोटो? होय. पत्ता? नको. वय?

"वयाशी काय करायचंय त्याला? मी काय स्थळ बघायला आलोय?"

चाचणीवालीने हसू दाबलं.

मग त्यांनी यंत्रासमोर चेहरा धरला. दिवा लुकलुकला, जरा विचारात पडला आणि हिरवा झाला. जमलं की! तिला टाळीच वाजवावीशी वाटली. तिने वेळ लिहिली, चार सेकंद.

पाळणाघराच्या ताई नातीला घेऊन बाहेर आल्या. पोरगी चार पावलं धावली, थबकली आणि सरळ ताईंच्या मागे लपली.

"हे माझे आजोबा नाहीत."

आजोबांचा हात वरच्या ओठाकडे गेला. "अगं, मिशी सकाळीच काढली. वॉलेटातला फोटो नोकरीतला, बिनमिशीचा. आगीच्या बंबावर होतो, तोंडावर मास्क नीट बसावा म्हणून मिशी ठेवू देत नसत. म्हटलं, यंत्राने ओळखलं नाही तर पंचाईत."

ताईंनी हिरव्या दिव्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. "आता हो?"

चाचणीवालीच्या कागदावर याला रकानाच नव्हता. आजोबांचं तोंड एवढंसं झालं. तिने नियम गुंडाळून ठेवला आणि पोरीसमोर उकिडवी बसली.

"काय केलं म्हणजे तुझी खात्री पटेल गं?"

पोरीने बराच विचार केला.

"आमच्या बाथरूममध्ये पाल आहे. तिचं नाव काय?"

"हेडबाई," आजोबा म्हणाले. "शेपूट तुटल्यापासून रजेवर आहेत."

पोरगी बाहेर आली. तिने त्यांच्या ओठावरून बोट फिरवलं, खरखरीत लागलं तसं मागे घेतलं, आणि मग हात त्यांच्या हातात दिला.

"पण मिशी उगवेपर्यंत रोज विचारणार हं," ती म्हणाली. "आणि रोज वेगळं."